वहीतली नावं

त्या बाईंनी पर्समधून आधी तीन जाडसर पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. मग काळ्या पुठ्ठ्याची एक वही काढली. ती मात्र हातातच घट्ट धरून बसल्या.

"मॅडम, या पुस्तकात एक मुलगा आहे. त्याला एक वही सापडते. वहीत ज्याचं नाव लिहील तो माणूस मरतो. आणि ही वही मला माझ्या मुलाच्या दप्तरात मिळाली."

वहीत खरंच नावं होती. वर्गातल्या, स्कूलबसमधल्या मुलामुलींची. नावांपुढे आद्याक्षरं, आकडे आणि तारखा. काही नावांवर लाल पेनाने आडवी काट.

"मी पुढचं वाचलंच नाही हो. बंद केली आणि तुमची अपॉइंटमेंट घेतली."

माझं समुपदेशनाचं क्लिनिक ठाण्यात, नौपाड्यात, जुन्या इमारतीतल्या दोन खोल्यांचं. मुलांच्या वाचनाबद्दल तक्रार घेऊन येणारे पालक पूर्वी म्हणायचे, "काहीच वाचत नाही." आता निम्मे म्हणतात, "नको ते वाचतो." नको ते म्हणजे बहुतेक वेळा जादू, राक्षस, तलवारी आणि मंगा, म्हणजे जपानी चित्रकादंबऱ्या. हा अनुभव मुलाच्या आणि आईच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा आठवीतला, तेरा वर्षांचा. नौपाड्यातली त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि कुटुंब भाड्याने कासारवडवलीला गेलं. सोबत शाळाही बदलली. बाबा नोकरीसाठी पुण्यात, शनिवार-रविवारी येणार. आई बँकेत. घरी आबा, म्हणजे आईचे वडील, निवृत्त शिक्षक. "चित्रांची पुस्तकं चौथीपर्यंत ठीक," हे त्यांचं ठाम मत. युनिट टेस्टला गणितात जेमतेम पास झालेला. रात्री दोन वाजता पांघरुणाखाली मोबाइलचा उजेड. आणि आता ही वही.

मी वही हलक्यात घेतली नाही, हे आधी सांगते. मुलाशी एकट्याने बोलले तेव्हा सरळ विचारलं: कुणाला इजा करावी, कुणी मरावं, किंवा आपणच नसावं, असं मनात येतं का? अशा प्रश्नाने मुलाच्या डोक्यात नको तो विचार शिरेल, अशी पालकांना भीती असते. तसं होत नाही. उलट विचार असलाच, तर कुणीतरी विचारलं म्हणून तो बाहेर येतो.

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला वैतागच म्हणावं लागेल.

"मॅम, हे रजिस्टर आहे. मी लायब्ररी चालवतो."

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये त्यांची स्कूलबस तास-सव्वा तास रेंगाळते. त्या बसमध्ये हा नवा मुलगा, कुणी ओळखीचं नाही. पहिले काही आठवडे एकटाच खिडकीशी बसून मंगा वाचायचा. मग कुणीतरी मान वाकडी करून पाहिलं, कुणीतरी मागितलं. आद्याक्षरं पुस्तकांची, आकडा खंडाचा, तारीख दिल्याची. काट म्हणजे पुस्तक परत आलं.

मला खरी गंमत वाटली ती समासातल्या बारीक अक्षरांची. कुणाला काय द्यायचं, याच्या नोंदी होत्या तिथे. "उंचीवरून चिडवतात – हायक्यू." ती व्हॉलीबॉलची गोष्ट आहे, 45 खंडांची, आणि तिचा नायक या खेळासाठी फारच बुटका. "हिला हसायला हवं असतं – स्पाय एक्स फॅमिली." "याला लांबलचक देऊ नये, सोडून देतो." शेवटच्या पानावर दोन ओळी होत्या. "आबा – अक्षर बारीक वाटेल." आणि "आई – वेळ नाही."

ती ओळ मी आईंना लगेच सांगितली नाही.

इथे माझी चूक झाली. एवढा वाचणारा मुलगा हाती लागल्यावर मला राहवेना. त्याच बैठकीत कागदावर चार पुस्तकांची नावं लिहून दिली. चारही चांगली, बक्षीसपात्र, संस्कारक्षम वगैरे. पंधरा दिवसांनी कागदाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"तुम्ही ही पुस्तकं मला का सुचवलीत?" त्याने विचारलं. उद्धटपणे नव्हे, कुतूहलानेच.

"वाचनाची गोडी वाढावी म्हणून."

"ती आहे ना मला."

यावर काय बोलणार? खरं कारण होतं, त्याने मंगा सोडून 'वरच्या' पुस्तकांकडे यावं. म्हणजे मी त्याला पायरी दाखवत होते आणि तो उभा होता तिथे खाली आहे, असं न बोलता सांगत होते. मुलांना हे लगेच कळतं. मी कागद परत घेतला आणि म्हटलं, "तू मला एक सुचव."

त्याने चक्क माझी मुलाखत घेतली. रक्त चालतं का? रडायला आवडतं की नको वाटतं? संपलेली गोष्ट हवी की चालू असलेली? एका वेळी किती वाचता? शेवटचं कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंत आणि का? इतक्या वर्षांत मी कुठल्याही मुलाला पुस्तक देताना हे विचारलं नव्हतं. मी वय विचारायचे, इयत्ता विचारायचे.

मला मिळालं 'फुलमेटल अल्केमिस्ट'चा पहिला खंड. लेखिका हिरोमु आराकावा, होक्काइदोतल्या दूधदुभत्याच्या घरात वाढलेली बाई. 2001 ते 2010 चाललेली, 27 खंडांत संपणारी गोष्ट. घरी जाऊन मी सवयीने डावीकडून उघडली आणि शेवटच्या पानावर जाऊन आदळले. मंगा उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो, पानही आणि पानावरच्या चौकटीही. पहिली वीस पानं मी अक्षरशः बोट ठेवून वाचली. कोणती चौकट आधी, बोलण्याचा कोणता फुगा कुणाचा, दोन चौकटींच्या मधल्या मोकळ्या जागेत काय घडून गेलं, हे सगळं वाचणाऱ्याने जुळवायचं. 'नुसती चित्रं बघतो' हे वाक्य तेव्हापासून मी कुणाचं ऐकून घेत नाही.

गोष्ट दोन भावांची. मेलेल्या आईला परत आणण्यासाठी ते निषिद्ध विद्या वापरतात आणि त्याची जबर किंमत मोजतात. पुढे ते स्वतःच्या हाताने आपलं घर जाळून टाकतात, परतायला जागाच उरू नये म्हणून. ते कळलं आणि मी सरसावले. ज्याचं घर नुकतंच पाडलं, त्याला हीच गोष्ट का आवडावी? पुढच्या बैठकीत मोठ्या हुशारीने विषय काढला.

"नाही मॅम," तो म्हणाला. "त्यातल्या फाइट्स भारी आहेत."

आम्ही समुपदेशक कधीकधी असेच तोंडावर पडतो. मी गप्प बसले. मग आम्ही खंड तीनबद्दल बोललो, त्यातल्या एका पात्रावरून वादही झाला. निघताना बुटांच्या नाड्या बांधता बांधता तो म्हणाला, "आमची बिल्डिंग पाडली तेव्हा आबा बघायला गेले होते. मला नाही नेलं." त्यावर पुढे दोन बैठका गेल्या. त्या इथे लिहिणार नाही.

आता आईंची काळजी. ती खोटी नव्हती, हे मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं. 'डेथ नोट' ही ती वहीची गोष्ट 2003 ते 2006 दरम्यान आलेली, 12 खंडांची. इंग्रजी आवृत्तीच्या मागच्या बाजूला वयाची खूण असते. 'टी' म्हणजे तेराच्या पुढे, 'टी प्लस' म्हणजे त्याहून मोठ्या, साधारण सोळाच्या आसपासच्या मुलांसाठी, 'एम' म्हणजे प्रौढांसाठी. डेथ नोटवर 'टी प्लस' आहे. दुकानात सगळे मंगा एकाच फळीवर असतात आणि गोड डोळ्यांच्या मुखपृष्ठामागे काहीही असू शकतं. जपानमध्ये 'शोनेन' म्हणजे किशोरांसाठी आणि 'सेइनेन' म्हणजे मोठ्या पुरुषांसाठी, असे मुळातच वेगळे वर्ग आहेत. चारशे-पाचशे रुपये मोजण्याआधी पुस्तक पालथं करून ती खूण बघायची, एवढं आईबापांनी करावंच. मुलाचे बारापैकी दहा खंड वाचून झाले होते. आता बंदी घालून काय साधणार? उरलेले दोन त्याने वाचावेत आणि त्यावर माझ्याशी बोलावं, असं ठरलं. पण रजिस्टरमध्ये बसमधल्या एका पाचवीतल्या मुलाच्या नावापुढेही डेथ नोट दिसत होती. मी त्या ओळीवर नुसतं बोट ठेवलं. "परत मागतो," तो म्हणाला. ग्रंथपालाची जबाबदारी त्याला समजावून सांगावी लागली नाही.

राक्षस, प्रेतं, रक्त यांचं काय? मी आईंना विचारलं, तुम्ही लहानपणी चांदोबा वाचलात? वाचला होता. मध्यरात्रीचं स्मशान, झाडाला लटकलेलं प्रेत, ते खांद्यावर टाकून निघालेला राजा आणि प्रेतातून बोलणारा वेताळ. आठवून त्यांना हसू आलं. मग एकदम म्हणाल्या, "पण मॅडम, चांदोबा महिन्यातून एकदा यायचा."

मला वाटतं, सगळ्या प्रकरणात नेमकं बोट ठेवलं ते याच वाक्याने.

वेताळ वाईट नव्हताच, तो महिन्याने भेटायचा एवढंच. मंगासुद्धा मुळात हप्त्याहप्त्याने यायचा. 'शोनेन जंप' हे 1968 साली सुरू झालेलं आणि पुढच्या वर्षी साप्ताहिक झालेलं मासिक, एका गोष्टीची एका अंकात वीसेक पानं. वाचकांच्या पोस्टकार्डांवरून कुठली मालिका चालू ठेवायची याचा अंदाज घेतात, म्हणून प्रत्येक हप्ता अशा जागी तोडलेला की जीव टांगणीला लागावा. हा सापळा आठवडाभर थांबणाऱ्या वाचकासाठी बनवला होता. पण 'नारुतो' या मालिकेची 700 प्रकरणं एकापाठोपाठ एक मोबाइलवर हजर असतील, तर तेरा वर्षांच्या पोराने रात्री दोन वाजता कुठे थांबायचं? मी स्वतः एका रविवारी चार खंड संपवून डोकं दुखवून घेतलं.

म्हणून वाद पुस्तकाशी न घालता मोबाइलशी घातला. रात्री दहानंतर मोबाइल बाहेरच्या खोलीत, आईचाही. अंथरुणात वाचायचं तर कागदाचा खंड, कारण त्याला मागचं पुठ्ठं असतं आणि तिथे गोष्ट निदान त्या रात्रीपुरती संपते. चोरून अपलोड केलेल्या साइट्स बंद. त्यांवर गोष्टीच्या कडेला काय जाहिराती येतात, ते आईंनी एकदा पाहिलं आणि पुढे समजवायची गरज उरली नाही. मूळ जपानी प्रकाशकाचं 'मंगा प्लस' हे अ‍ॅप आहे, त्यावर पहिली आणि ताजी प्रकरणं फुकट मिळतात. जपानमध्ये सोमवार उजाडला की नवं प्रकरण येतं, म्हणजे आपल्याकडे रविवारी रात्री साडेआठला. हे कळल्यावर आई म्हणाल्या, "म्हणजे जेवायच्या वेळेला." तेव्हापासून त्यांच्याकडे रविवारचं जेवण नऊला असतं.

गणिताचे मार्क मात्र यातल्या कशानेच वाढले नाहीत. शाळा बदलताना सुटलेले धडे होते, त्यासाठी शिकवणीच लागली.

आणि हो, सगळ्यांच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही. मूल जेवणखाण, झोप, मित्र सगळंच सोडत असेल, मरणाबद्दल बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर पुस्तकांची चर्चा बाजूला ठेवून आधी मदत घ्यावी.

कादंबऱ्यांकडे तो वळला का, असं आबांनी मला दोनदा विचारलं. थोडासा. अर्सुला ले ग्विन यांची 1968 सालची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' मी त्याला दिली, या वेळी त्याच्याच पद्धतीने प्रश्न विचारून. एक पोरगा फुशारकीच्या भरात एक सावली मोकळी सोडतो आणि मग ती त्याच्या मागे लागते. "सुरुवात बोअर, सावली आल्यावर ठीक," हा शेरा मिळाला. अक्षरांशी झगडणाऱ्या मुलांना मी हल्ली पर्सी जॅक्सन देते. रिक रिओर्डन यांनी ती गोष्ट मुळात आपल्या मुलासाठी रचली, आणि त्या मुलासारखाच नायकही डिस्लेक्सिक आहे. पांडवांच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या मुलीला रोशनी चोक्शींची 'आरू शाह' लगेच आपली वाटते. पण कुठलंही नाव काढण्याआधी आता मी विचारते, शेवटचं पुस्तक अर्धवट का सोडलंस?

आबांनी आपल्या परीने वार परतवला. ठाणे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासूनचं आणि आबा त्याचे जुने सभासद. तिथून ते नाथमाधवांची 'वीरधवल' घेऊन आले. सिंहगडावरून पडून अंथरुणाला खिळलेला माणूस अशी अद्भुत कादंबरी लिहितो, हे ऐकून नातू प्रभावित झाला, पण भाषेपुढे विसाव्या पानावर शरण आला. मग आबा रात्री ती स्वतः वाचून सांगायला लागले. मधे मधे नातू विचारतो, "या राजाची पॉवर काय?" आबांना त्याचा राग येतो.

शेवटच्या बैठकीत मी वहीतलं ते शेवटचं पान आईंना दाखवायला सांगितलं. मुलाने आधी नाही म्हटलं, मग दाखवलं. "आई – वेळ नाही." आई बराच वेळ ती ओळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "लोकलमध्ये पंचवीस मिनिटं असतात माझ्याकडे. उभ्याने."

त्याने प्रश्न विचारले. रक्त नको. लांबलचक नको. कुठेही बंद करता आलं पाहिजे. त्याने 'योत्सुबा' दिलं, एका पाच वर्षांच्या मुलीच्या रोजच्या उद्योगांचं.

महिन्याभराने फोन आला. "मॅडम, काल डब्यात शेजारची बाई म्हणाली, ताई, पुस्तक उलटं वाचताय." त्यांना हसू आवरत नव्हतं. मागून मुलाचा आवाज येत होता. रजिस्टरमध्ये आईच्या नावापुढे योत्सुबा, खंड 1, अशी नोंद आहे. तारीख आहे. काट नाही. आणि खाली लाल पेनाने लिहिलंय: तीन दिवस उशीर.