बोलता येत नाही, मग अभंग कसा म्हणतात?

प्रश्न : वडिलांना दोन महिन्यांपूर्वी लकवा मारला. उजवा हात लुळा पडला, पण धरून धरून चालतात. आपण बोललेलं सगळं कळतं, उत्तर देताना मात्र एखादाच शब्द कसाबसा निघतो. तरी भजन सुरू झालं की अख्खा अभंग म्हणतात, चिडले की शिवीही स्पष्ट देतात! घरातल्या काहींना हे सोंग वाटतं.
– एक वाचक, तासगाव

उत्तर : सोंग नाही. तुम्ही लिहिता ती लक्षणं मेंदूच्या डाव्या बाजूच्या इजेची आहेत. डावा मेंदू उजवं अंग चालवतो आणि बहुतेकांची भाषाही डावीकडेच असते. डाव्या कपाळामागचा ब्रोकाचा भाग शब्द जुळवतो. १८६१ मध्ये पॉल ब्रोका यांनी केवळ 'तां' एवढंच बोलू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला, तेव्हा इजा तिथेच सापडली. अर्थ लावणारा वेर्निकेचा भाग मागे, कानाच्या वरच्या अंगाला. वडिलांचा तो बराचसा शाबूत दिसतो. तो बिघडला असता तर ते घडाघडा बोलले असते, पण निरर्थक.

पाय का वाचला? ब्रोकाचा भाग आणि हात-चेहरा हलवणारा मेंदूचा पट्टा यांना रक्त पुरवणारी रक्तवाहिनी एकच, ती तुंबली की दोन्ही एकदम अडतात. पायाचा पट्टा मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्धगोलांच्या मधल्या फटीत, त्याची रक्तवाहिनी वेगळी.

आता अभंग. पाठ असलेलं, सुरातलं किंवा रागात तोंडून सुटणारं नव्याने जुळवावं लागत नाही, आणि त्यात उजव्या मेंदूचा मोठा हात असतो. स्पीच थेरपीत याचाच फायदा घेतात : डाव्या हाताने ताल देत 'पा-णी द्या' सुरात म्हणवून घ्यायचं, जमलं की सूर हळूहळू काढून टाकायचा. मिरजेला फिजिओथेरपीसाठी नेत असाल तर याचीही तिथेच चौकशी करा. सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वाधिक असतो, त्यातले दोन गेले.

हाती पाटी देऊन 'लिहून सांगा' म्हणू नका. भाषाच अडली की लिहिणंही अडतं, माणूस आणखी चिडतो. मोठ्याने ओरडू नका, कान ठीक आहेत. 'काय हवं?' ऐवजी 'चहा हवा का?' विचारा, मनात दहा आकडे मोजा, शब्द त्यांच्या तोंडून काढून घेऊ नका. 'हो'च्या जागी 'नाही' निघू शकतं, तेव्हा कप दाखवून खात्री करा. पाणी पिताना ठसका लागत असेल, तर ते आधी डॉक्टरांना सांगा. अन्नपाणी फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो.