व्ह्यूज वाढले, मग पैसे का नाही वाढले?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : कंटेंट क्रिएटरचे काम आणि कमाई

या वेळच्या पत्रांत यूट्यूबविषयीचे प्रश्न जास्त आहेत, त्यामुळे उत्तरांतही तेच जास्त आले आहे. प्लॅटफॉर्मचे नियम मधूनमधून बदलतात. कमाई सुरू करण्याचा अर्ज करण्याआधी यूट्यूब स्टुडिओतल्या (चॅनेल सांभाळायच्या जागेतल्या) कमाईच्या पानावरचे आकडे एकदा पडताळून घ्या.

प्रश्न : माझ्या शॉर्ट्सना (यूट्यूबवरच्या छोट्या व्हिडिओंना) मिळून लाखोंनी व्ह्यूज आहेत, सबस्क्रायबरही १,००० च्या वर गेले. तरी मॉनेटायझेशनसाठी, म्हणजे कमाई सुरू व्हायला, लागणारे पाहिले गेल्याचे ४,००० तास काही भरत नाहीत. असं का?

शॉर्ट्स फीडमध्ये लोकांनी घालवलेला वेळ त्या तासांत धरलाच जात नाही. १,००० सबस्क्रायबर झाल्यावर दोन वाटा असतात. एक, मागच्या १२ महिन्यांत सार्वजनिक लांब व्हिडिओंचे ४,००० तास. दुसरी, मागच्या ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. यांपैकी एकच वाट पूर्ण करायची असते. अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे अशी बेरीज चालत नाही.

४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. तुमचा दहा मिनिटांचा व्हिडिओ लोक सरासरी चार मिनिटं पाहत असतील, तर त्यासाठी ६०,००० व्ह्यूज लागतील. हे तास रोज पुढे सरकणाऱ्या १२ महिन्यांच्या खिडकीत मोजले जातात. त्यामुळे वर्षापूर्वी चाललेल्या व्हिडिओचे तास एकेक दिवस गळत जातात आणि आकडा घटल्यासारखा दिसतो. जुने व्हिडिओ 'चॅनेल नीटनेटकं करू' म्हणून डिलीट किंवा प्रायव्हेट केले, तर त्यांचे तासही जातात. पैसे देऊन जाहिरात म्हणून दाखवलेल्या व्हिडिओचे तासही धरत नाहीत.

त्याआधीची एक पायरी आहे : ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन सार्वजनिक अपलोड, आणि ३,००० तास किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज. इथे मेंबरशिप (प्रेक्षकांची मासिक वर्गणी), सुपर चॅट (लाइव्हमध्ये पैसे देऊन केलेली कमेंट) वगैरे सुरू होतात, जाहिरातीचा वाटा मात्र नाही.

आकडा गाठून अर्ज केला की यूट्यूबची माणसं चॅनेल तपासतात. ती प्रामुख्याने चॅनेलचा मुख्य विषय, सर्वाधिक पाहिलेले व्हिडिओ, सर्वांत नवे व्हिडिओ, ज्यांवर जास्त वेळ गेला ते व्हिडिओ आणि शीर्षक-वर्णनं पाहतात. दुसऱ्यांच्या क्लिप जोडून वर फक्त संगीत टाकलेलं चॅनेल इथेच अडकतं. एकाच साच्यातले ढीगभर व्हिडिओही जुलै २०२५ पासून 'इनऑथेंटिक कंटेंट' (अस्सल नसलेला मजकूर) या नावाखाली अडवले जातात.

प्रश्न : व्ह्यूज दुप्पट झाले, कमाई जिथल्या तिथे. यूट्यूब पैसे कापतं का? शॉर्टमध्ये गाणं टाकलं की पैसे अर्धे होतात, हेही खरं का?

आधी व्ह्यूजचं पाहू. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा वाजला की तो व्ह्यू धरला जातो. किती सेकंद पाहिला याची अट राहिली नाही. पैसे मात्र जुन्याच पद्धतीने मोजलेल्या व्ह्यूजवर मिळतात. त्यांना आता 'एंगेज्ड व्ह्यूज' म्हणतात आणि ते अॅनालिटिक्सच्या अॅडव्हान्स्ड मोडमध्ये दिसतात. तुमचा आलेख याच तारखेपासून उडी मारत असेल, तर वाढलं ते मोजमाप.

शॉर्ट्सचा पैसा एकेका व्हिडिओचा नसतो. फीडमधल्या जाहिरातींचं उत्पन्न महिन्याला एकत्र होतं. ज्या शॉर्टमध्ये एक गाणं आहे, त्याच्या व्ह्यूजमागचा अर्धा पैसा संगीताच्या हक्कांसाठी जातो. दोन गाणी असतील तर दोन-तृतीयांश. उरलेलं सगळं क्रिएटर पूलमध्ये, म्हणजे क्रिएटर्ससाठीच्या सामाईक रकमेत. हा पूल प्रत्येक देशातल्या व्ह्यूजच्या प्रमाणात वाटतात आणि तुमच्या वाट्याला आलेल्या रकमेचे ४५ टक्के तुम्हाला मिळतात, तुमच्या शॉर्टमध्ये गाणं असो वा नसो. म्हणजे 'गाणं काढा, पैसे दुप्पट होतील' हा सल्ला चुकीचा आहे. तो देणाऱ्यांनी पूल कसा वाटला जातो हे वाचलेलं नसतं.

लांब व्हिडिओत जाहिरातीचा ५५ टक्के वाटा तुमचा. इथे सीपीएम आणि आरपीएम यांची गल्लत होते. समजा, एका व्हिडिओला १,००,००० व्ह्यूज आले, त्यांतल्या ५०,००० वेळा जाहिरात दिसली आणि जाहिरातदारांनी एकूण २०० डॉलर मोजले. जाहिरात दिसलेल्या दर हजार प्लेबॅकमागे ४ डॉलर झाले, हा प्लेबॅकवर आधारलेला सीपीएम. तुमच्या हाती ११० डॉलर, म्हणजे सगळ्या व्ह्यूजवर भागले तर दर हजारी १.१० डॉलर, हा आरपीएम. दुसऱ्याच्या ४ ची तुलना आपल्या १.१० शी करून पुष्कळ जण उगाच खट्टू होतात. ताळेबंद मांडताना आरपीएमच धरा.

जानेवारीत आरपीएम घसरतो, कारण जाहिरातदारांचं वर्षअखेरचं बजेट संपलेलं असतं. व्हिडिओ ८ मिनिटांचा झाला की मध्ये जाहिराती टाकता येतात. पण सहा मिनिटांचा मजकूर ताणून आठ केला, तर लोक पाचव्या मिनिटाला उठून जातात आणि पुढची जाहिरात बघायला कोणी उरतच नाही.

स्टुडिओत रोज दिसतो तो अंदाज असतो. पक्का आकडा पुढच्या महिन्याच्या ७ ते १२ तारखेदरम्यान अॅडसेन्समध्ये (यूट्यूबचे पैसे जिथून मिळतात त्या गूगलच्या खात्यात) येतो, त्यात बनावट क्लिकची वजावट झालेली असते. शिल्लक १०० डॉलरच्या वर असेल तर पैसे २१ ते २६ तारखेदरम्यान निघतात. १० डॉलर झाल्यावर पत्त्यावर पिन येतो. तो टाकेपर्यंत पैसे निघत नाहीत, म्हणून पत्ता सुरुवातीलाच अचूक लिहा.

प्रश्न : अॅडसेन्स अमेरिकेचा कर फॉर्म मागतंय. मी तिकडे राहत नाही, मग कशाला भरू?

भरा, आजच. अमेरिकेबाहेरची व्यक्ती साधारणपणे डब्ल्यू-८बीईएन भरते. तो असेल तर कपात फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या भागावर होते, तीही तुमच्या देशाच्या अमेरिकेशी असलेल्या करविषयक करारानुसार. करार नसेल तर ३० टक्के. फॉर्मच नसेल तर जगभरातल्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापले जाऊ शकतात. फॉर्मची मुदत साधारण तीन वर्षांनी संपते, तेव्हा आठवण लावून ठेवा.

प्रश्न : एका ब्रँडने एक रील आणि तीन स्टोरीचं काम दिलंय. रक्कम बरी आहे. पण मसुद्यात 'परपेच्युअल युसेज', 'व्हाइटलिस्टिंग' आणि 'एक्स्क्लुझिव्हिटी' असे शब्द आहेत. सही करू का?

अजून नको. तुम्ही दर सांगितला तो रील बनवून टाकण्याचा. मसुदा त्याच पैशात आणखी तीन गोष्टी मागतोय.

परपेच्युअल युसेज म्हणजे तुमचा चेहरा त्यांनी कायमचा, हवा तिथे वापरायचा. पाच वर्षांनी तुम्ही त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचं काम घेतलंत, तरी यांची जाहिरात चालूच असेल. त्याऐवजी मुदत, माध्यम आणि प्रदेश लिहून घ्या : उदाहरणार्थ तीन महिने, फक्त त्यांच्या स्वतःच्या सोशल मीडियावर. पुढे हवं असेल तर दर महिन्याचे वेगळे पैसे.

व्हाइटलिस्टिंग म्हणजे तुमच्या खात्याच्या नावाने ते पैसे लावून जाहिरात चालवणार. हे वाईट नाही, पण मोफत द्यायचं नाही. परवानगी प्लॅटफॉर्मच्या पार्टनरशिप अॅडच्या सोयीतून द्या, शेवटची तारीख ठरवा, आणि जाहिरातीचा बदललेला मजकूर आधी दाखवायचा अशी अट घाला. पासवर्ड कुणी मागितला तर विषय तिथेच संपवा.

एक्स्क्लुझिव्हिटी सर्वांत महाग पडते आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. 'सौंदर्यप्रसाधने' असं मोघम लिहिलं असेल, तर सहा महिने शाम्पूपासून लिपस्टिकपर्यंत सगळी कामं बंद. वस्तूचा प्रकार नेमका लिहा, स्पर्धक ब्रँडची नावं यादीत घ्या, आणि त्या काळात एरवी मिळणारी कामं अंदाजून त्याची किंमत लावा.

कोटेशनमध्ये चार ओळी वेगळ्या ठेवा : निर्मिती, पोस्ट करणं, वापरहक्क, एक्स्क्लुझिव्हिटी. समोरच्याने रक्कम कमी करायला सांगितली की एखादी ओळ काढायची, दर पाडायचा नाही.

बाकी भांडणं मुख्यतः तीन जागी होतात. दुरुस्त्या : स्क्रिप्ट शूटिंगच्या आधी लेखी मंजूर करून घ्या, एडिटमध्ये दोन फेऱ्या, मंजूर स्क्रिप्ट बदलून पुन्हा शूट करायचं झालं तर वेगळे पैसे. मुदत : 'साठ दिवसांत पैसे' असेल तर कशापासून साठ? इनव्हॉइसपासून की मोहीम संपल्यापासून? मोहीम लांबली की तुमचे पैसेही लांबतात, म्हणून इनव्हॉइसची तारीख धरा आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्या. रद्द झालं तर : शूट झाल्यावर ब्रँडने माघार घेतली तर किती टक्के मिळणार, ते आधीच लिहा. मध्ये एजन्सी असेल तर 'ब्रँडकडून आल्यावर तुम्हाला देऊ' हे वाक्य शोधून काढायला सांगा. त्यांची उधारी तुम्ही का सोसावी?

आणि पैसे घेतलेत हे प्रेक्षकाला दिसलं पाहिजे. इन्स्टाग्रामवर पेड पार्टनरशिपचं लेबल लावा, यूट्यूबवर पेड प्रमोशनची खूण करा. फुकट मिळालेली वस्तू हाही मोबदलाच असतो. 'बार्टर होतं, पैसे नव्हते' ही सबब चालत नाही.

प्रश्न : 'रॉयल्टी फ्री' संगीत वापरूनही कॉपीराइट क्लेम आला. तीन झाले तर चॅनेल उडतं म्हणे. खूप घाबरलो आहे.

क्लेम आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंटेंट आयडी ही यूट्यूबची गाणी-व्हिडिओ आपोआप ओळखणारी यंत्रणा; तिचा क्लेम यंत्र लावतं. त्याने व्हिडिओची कमाई हक्कधारकाकडे जाते किंवा काही ठिकाणी व्हिडिओ दिसत नाही, चॅनेलला धक्का लागत नाही. स्ट्राइक येतो तो हक्कधारकाने कायदेशीर विनंती करून व्हिडिओ काढायला लावल्यावर. तो ९० दिवस राहतो आणि त्या काळात तीन झाले तर चॅनेल बंद होऊ शकतं.

'रॉयल्टी फ्री'चा अर्थ दर वेळी वेगळे पैसे द्यायचे नाहीत एवढाच, परवाना लागतोच. तो असेल तर क्लेमला पहिल्या पाच दिवसांत हरकत घ्या. म्हणजे पहिल्या दिवसापासूनची कमाई राखून ठेवली जाते आणि निकाल लागल्यावर ज्याची त्याला मिळते. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात. परवाना नसेल तर वाद घालू नका, स्टुडिओच्या एडिटरमध्ये तेवढं गाणं बदला किंवा बंद करा. व्हिडिओ तसाच राहतो, व्ह्यूजही.

दुसऱ्याचं गाणं दहा सेकंदांपर्यंत चालतं, वर्णनात श्रेय दिलं की भागतं : असे कोणतेही नियम नाहीत. प्रत्येक गाण्याच्या परवान्याची पीडीएफ व्हिडिओच्या फोल्डरमध्येच ठेवा. वर्षभराने क्लेम आला की तीच शोधावी लागते.

प्रश्न : एका कंपनीने स्पॉन्सरशिपसाठी ईमेल केला. करार झिप फाइलमध्ये आहे, पासवर्डही दिलाय. उघडू का?

उघडू नका. पासवर्ड लावलेली झिप ईमेलच्या व्हायरस तपासणीला आतून दिसत नाही, म्हणूनच ती तशी पाठवतात. आत पीडीएफचं चित्र लावलेली, पण .scr किंवा .exe अशा शेवटाची फाइल असते. ती चालवली की ब्राउझरमधल्या सेशन कुकीज (तुम्ही लॉगिन केलंय याची साठवलेली खूण) चोरीला जातात. त्या मिळाल्या की चोराला तुमचा पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही, कारण लॉगिन आधीच झालेलं असतं. गूगलच्या सुरक्षा पथकाने ऑक्टोबर २०२१ मध्ये हीच पद्धत उघड केली होती. चॅनेल हाती आलं की नाव बदलून त्यावर क्रिप्टोचं लाइव्ह सुरू करतात.

उघडून झालं असेल तर तो संगणक इंटरनेटवरून तोडा, दुसऱ्या उपकरणावरून सगळ्या ठिकाणचं लॉगिन बंद करा, मग पासवर्ड बदला. नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. खऱ्या कंपनीला करार साध्या पीडीएफमध्ये पाठवायला कसलीच अडचण नसते.

प्रश्न : महिन्याला ठीक पैसे येऊ लागलेत. नोकरी सोडू का?

आधी दोन हिशेब करा. पहिला तासांचा. दहा मिनिटांच्या व्हिडिओची स्क्रिप्टच १,३०० ते १,५०० शब्दांची होते. वाचन, शूट, एडिट, थंबनेल, सबटायटल, पहिल्या दिवशीच्या कमेंट, ब्रँडशी ईमेल, थकलेल्या पैशांचा तगादा : महिनाभर सगळे तास लिहा. कमाईतून खर्च वजा करून त्याला तासांनी भागा. खर्चात साठवणही येते. १०० एमबीपीएसवर फोर-के शूट केलं तर तासाला ४५ जीबी, आणि बॅकअप धरला तर ९०.

दुसरा हिशेब स्रोतांचा. बारा महिन्यांची कमाई मांडा, त्यातून सर्वांत मोठा एक स्रोत पुसा. उरलेल्यात घर चालतं का? प्लॅटफॉर्मचा बोनस हा तर पगार समजूच नये. इन्स्टाग्राम-फेसबुकच्या मेटा कंपनीने रील्ससाठीचा रील्स प्ले बोनस २०२३ मध्ये थांबवायला घेतला, टिकटॉकने आपला क्रिएटर फंड त्याच वर्षअखेरीस अमेरिका आणि युरोपातल्या काही देशांत बंद केला. त्यावर हप्ते भरणाऱ्यांची पंचाईत झाली.

सहा महिन्यांचा खर्च बाजूला, आणि न टाकलेले तीन-चार व्हिडिओ तयार : एवढं झाल्यावर राजीनाम्याचा विचार करा. आजारपणात अपलोड थांबत नाही तो त्या साठ्यामुळे.

प्रश्न : एडिटर ठेवतोय. त्याला चॅनेलचा पासवर्ड द्यावा लागेल का?

नाही. स्टुडिओच्या परमिशन्समध्ये त्याचा ईमेल घालून 'एडिटर (मर्यादित)' ही भूमिका द्या. त्याला व्हिडिओ चढवता येतात, कमाई दिसत नाही. मोबदला सुरुवातीला व्हिडिओमागे ठरवा. टक्केवारीत वाटा द्यायचा असेल तर कशाची टक्केवारी ते लिहा : जाहिरातीची, की ब्रँडच्या कामाचीही? प्रोजेक्ट फाइल आणि मूळ फुटेज दर महिन्याला तुमच्या हार्ड डिस्कवर यायला हवं, आणि संगीताचा परवाना त्याच्या नावावर नको, तुमच्या नावावर घ्या.