देवळात मन लागत नाही, देवराईत मात्र रडू आलं

तू लिहिलंयस की बाबा जाऊन आठ महिने झाले, तेव्हापासून देवळात हात जोडले तरी आत काही हलत नाही, आणि गणपतीत कोकणात गावी गेलीस तेव्हा देवराईत एका झाडाला टेकून अर्धा तास रडलीस नि मग मोकळं वाटलं. सासूबाई म्हणतात देवावरचा विश्वास उडाला हिचा. आणि तू विचारतेस, मावशी, माझं काही चुकतंय का?

अगं बाळा, काही चुकत नाहीये. देवराई ही देवाचीच जागा ना? पिढ्यान् पिढ्या लोकांनी देवाच्या नावाने ते रान राखलंय, तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी चुलीला आणत नाही, म्हणून तर तिथे गारंबीचा वेल मांडीएवढा जाड होऊन झाडाझाडावर चढलेला दिसतो. आणि कित्येक राईंतल्या देवांना छप्पर चालत नाही असं गावातली माणसं सांगतात. तू गावदेवीसमोरच रडलीस गं.

माझी आई गेली तेव्हा मीही अशीच कोरडी झाले होते, तेराव्यालासुद्धा डोळ्यात टिपूस नाही, आणि मग पावसाळ्यात एका सकाळी तिने लावलेल्या अनंताला कळी दिसली, हिरवट, पीळ घातल्यासारखी, तिच्यावर एक मुंगी चढत होती, आणि मी तिथेच चिखलात बसून हमसून हमसून रडले. आजही मला तो देवाचाच निरोप वाटतो.

आता गाव काही रोज जवळ नाही. पण तुझ्या सोसायटीच्या गेटजवळ पिंपळ आहे म्हणतेस, मग ऑफिसला निघायच्या आधी दहा मिनिटं तिथे थांब, फोन बॅगेत, फोटोबिटो काही नको. पिंपळाच्या पानाचा देठ लांब असतो ना, वारा नसल्यासारखा वाटला तरी ते पान हलतं, तेवढंच बघत राहा, बाबांशी बोलावंसं वाटलं तर बोल. पण रोज रात्री तीनला जाग येते असं जे लिहिलंयस ते मात्र डॉक्टरांना सांग, ते झाडावर सोडू नकोस.

आणि सासूबाईंशी वाद नको घालूस. तुकोबासुद्धा देहूजवळच्या भंडारा डोंगरावर जाऊन एकांतात बसायचे, त्यांना हे माहीत असेलच. एखाद्या रविवारी त्यांना घेऊन आळंदीला जा, माउलींच्या समाधीपाशी अजानवृक्ष आहे, त्याच्या सावलीत लोक ज्ञानेश्वरी वाचत बसतात. दोघी तिथे बसा आणि त्यांना बाबांबद्दल सांग, त्यांनी अजून नीट ऐकलंच नसेल.