जखम भरली, पण कोपर सरळ होत नाही

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी उकळते तेल सांडून माझ्या पत्नीचा उजवा हात दंडापासून मनगटापर्यंत भाजला. कोपराच्या आतल्या बाजूला त्वचारोपण करावे लागले. जखमा भरून दोन महिने झाले, तरी कोपर दिवसेंदिवस अधिकच वाकडे राहू लागले आहे. व्यायामाच्या वेळी तिला होणाऱ्या वेदना मला पाहवत नाहीत. घरातले म्हणतात, हाताला विश्रांती द्या, आपोआप सुटेल. काय करावे?

उत्तर : आपोआप सुटण्याची वाट कृपया पाहू नका. खोल भाजल्यानंतर तयार होणाऱ्या व्रणात आकुंचन पावणाऱ्या पेशी असतात आणि जखम वरून मिटल्यावरही त्यांचे ओढणे चालूच राहते. व्रण लालसर, टणक आणि उंचावलेला दिसतो तोवर तो कोवळा आहे असे समजावे. ही अवस्था साधारण वर्ष-दीड वर्ष, क्वचित दोन वर्षेही टिकते. कोवळा व्रण ताणाला दाद देतो, म्हणून आता चौथ्या महिन्यात केलेले प्रयत्न फार मोलाचे आहेत.

पत्नी बसतात कशा, याकडे जरा लक्ष द्या. दुखरा हात माणूस नकळत कोपरात दुमडून पोटाशी धरतो. त्यात आराम वाटतो, पण व्रण नेमका त्याच स्थितीत आखडत जातो. दिवसभर मिळवलेले रात्रीच्या झोपेत गमावू नये, यासाठी कोपर सरळ ठेवणारा स्प्लिंट फिजिओथेरपिस्टकडून मापाने बनवून घ्यावा आणि त्यांनी सांगितलेल्या वेळेनुसार वापरावा.

वेदनांची तुमची काळजी रास्त आहे. त्यावर उपाय आहे, मात्र तो व्यायाम थांबवणे हा नव्हे. डॉक्टरांनी वेदनाशामक दिले असेल, तर ते व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास घेता येईल का, हे त्यांना विचारा. भाजलेल्या त्वचेतील तैलग्रंथी नष्ट झालेल्या असतात आणि कोरडा व्रण ताणला की भेगाळतो. म्हणून आधी सुगंधविरहित मॉइश्चरायझर लावून बोटांनी सावकाश मालीश करावे. मग दंडाखाली टॉवेलची घडी ठेवून, तळवा वर करून, पत्नींनी स्वतःच्या ताकदीने हात हळूहळू सरळ करावा. ताणलेला व्रण एका क्षणी पांढुरका पडतो. तिथे थांबावे, श्वास न रोखता सुमारे 30 सेकंद तो ताण धरावा आणि मग सैल सोडावे. दिवसातून एकदाच तासभर झगडण्यापेक्षा पाच-सहा वेळा थोडा थोडा वेळ केलेला व्यायाम अधिक उपयोगी पडतो. केस विंचरणे, वरच्या फळीवरची वस्तू काढणे ही कामेही त्याच हाताने होऊ द्या. प्रेमापोटी ती तुम्ही करू नका.

दुसऱ्याने हिसका देऊन कोपर सरळ करणे मात्र सर्वस्वी टाळावे. मोठ्या भाजण्यानंतर क्वचित कोपराभोवती नको तिथे हाड तयार होते. हालचाल एकाएकी दगडासारखी अडू लागली, सांध्याला सूज आली किंवा करंगळी आणि अनामिका बधिर वाटू लागली, तर ताण देणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. व्रणावर गरम शेक देऊ नये, कारण तिथली संवेदना कमी असल्याने चटका बसलेला कळत नाही.

आठवड्यातून एकदा हात टेबलावर पसरून मनगट आणि टेबल यांतले अंतर पट्टीने मोजा आणि लिहून ठेवा. नियमित व्यायाम करूनही काही आठवड्यांत ते कमी झाले नाही, तर टप्प्याटप्प्याने कोन बदलत घातली जाणारी प्लास्टर किंवा आखडलेला व्रण मोकळा करणारी शस्त्रक्रिया यांचा विचार करता येतो. शस्त्रक्रियेनंतरही स्प्लिंट आणि व्यायाम सुटत नाहीत, हे मनाशी धरून निर्णय घ्यावा.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाचा गुडघ्यामागे भाजलेला पाय आता पूर्ण सरळ होतो. तपासण्या थांबवल्या तर चालतील का?

उत्तर : नाही. मुलाची हाडे वाढत राहतात, पण व्रण त्या वेगाने लांबत नाही, त्यामुळे उत्तम सुटलेला गुडघाही पुढे पुन्हा आखडू शकतो. वाढ पूर्ण होईपर्यंत ठरावीक अंतराने तपासणी करावी. उंची झपाट्याने वाढू लागली, की दोन्ही पाय सरळ ठेवून बसवल्यावर गुडघे सारखेच टेकतात ना, हे घरीही पाहत जावे.