पूर्ण भूल देणारच आहेत, मग कापण्याआधी बधिर करण्याचं इंजेक्शन कशाला?

तुमच्या आईची गर्भाशयाची पिशवी बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) दुर्बिणीतून काढायची आहे आणि सर्जन चिरा घेण्याआधी तिथेच बधिर करण्याचं इंजेक्शन देणार आहेत. झोपलेल्या माणसाला ते कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी फोंड्यात भूल देण्याचं काम करते. माझं मत, देऊ द्या.

पूर्ण भुलेत आईला काही कळणार नाही, पण नसांचं काम चालूच असतं. चिरा पडला की तिथून मज्जारज्जूकडे संदेशांचा मारा सुरू होतो. तो होत राहिला की तिथल्या पेशी हळव्या होतात, आणि जाग आल्यावर जखमेभोवती नुसता हात लागला तरी दुखतं. वेदनेवर संशोधन करणारे क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली हा हळवेपणा प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवला. आधीच बधिर केलं तर निदान कातडीकडून येणारा मारा अडतो.

मात्र फार मोठी आशा धरू नका. योनीमार्गे पिशवी काढताना गर्भाशयमुखाच्या दोन्ही बाजूंना हे औषध दिलं की पहिल्या काही तासांत चांगला आराम पडतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटावरची भोकं पाच-दहा मिलिमीटरचीच, बरंचसं दुखणं आतलं, त्यामुळे फायदा थोडा. खांदाही दुखेल. पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे छाती-पोटामधला पडदा चिडतो, त्याची कळ खांद्यात येते. तिथे या इंजेक्शनचा उपयोग नाही. बायका घाबरतात, म्हणून आईला आधीच सांगून ठेवा.

बधिर करायला बहुतेक ठिकाणी ब्युपिव्हाकेन हे औषध वापरतात. त्याचा असर साधारण चार ते आठ तास. डोस वजनावर ठरतो, किलोमागे दोन मिलिग्रॅमच्या आसपास कमाल, म्हणून वजन अंदाजे सांगू नका, काट्यावर करून घ्या. दंतवैद्याकडे असल्या इंजेक्शनने कधी त्रास झाला असेल, हृदयाचा किंवा यकृताचा आजार असेल, तर भूलतज्ज्ञांना नक्की सांगा.

आपल्याकडच्या आया सोसत पडून राहतात, याची मला खरी काळजी वाटते. बधिरपणा उतरायच्या आत पुढची वेदनाशामक गोळी पोटात गेलेली हवी, तेव्हा वेळा नर्सबाईंकडून लिहून घ्या. दुखणं आटोक्यात असेल तरच ती उठून चालेल, आणि पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून लवकर चालणं गरजेचं आहे. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर त्याच संध्याकाळी तिला धरून खाटेवरून उतरवा.