कॉन्टेस्टमध्ये १४.३०० मोकळी सोडायची का? ती समुद्री नेटच्या मालकीची आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कराडचे, हॅम म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स नवीन, पहिलाच मोठा कॉन्टेस्ट, म्हणजे ठरल्या वेळेत जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलायची स्पर्धा. १४.३०० मेगाहर्ट्झ मोकळी दिसली म्हणून तिथे सीक्यू (कुणीही उत्तर द्या अशी हाक) सुरू केला आणि पाचव्या मिनिटाला कुणीतरी 'इथे मेरिटाइम नेट चालू आहे, क्यूएसवाय करा' म्हणून झापलं, म्हणजे इथे बोटींशी बोलणारा गट बसलाय, तुम्ही फ्रिक्वेन्सी बदला. ती फ्रिक्वेन्सी त्यांच्या नावावर आहे का?

नाही. तिचा सातबारा कुणाच्याच नावावर नाही. आधीपासून जो बोलतोय त्याचं आधी आणि जिवावर बेतलेला प्रसंग असेल तर त्याचं सगळ्यांच्या आधी, एवढाच एचएफवरचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्हवरचा, व्यवहार. तुम्ही नियम मोडलेला नाही. तरी पुढच्या वेळी तिथून लांब राहा असंच मी सांगेन, कारण तुमच्याइतकाच 'नियमात' असताना मी त्याच जागी घोळ घातलेला आहे.

मी सांगलीत गच्चीवरून चालवतो. शंभर वॅटचा रिग (रेडिओ सेट), पाण्याच्या टाकीपासून शेजारच्या नारळापर्यंत ताणलेला डायपोल, म्हणजे तारेचा अँटेना. ऑक्टोबरचा सीक्यू वर्ल्ड वाइड कॉन्टेस्ट होता, रविवारची संध्याकाळ, युरोप जोरात उघडलेला. खालचा सगळा बँड गच्च. वर सरकत सरकत १४.३०० ला आलो, तिथे शांतता. 'इज धिस फ्रिक्वेन्सी इन यूज' असं दोनदा रीतसर विचारलं, उत्तर नाही. बसलो. एका मिनिटात पाईल-अप (एकदम हाका मारणाऱ्यांची गर्दी) लागला, दर दहा-पंधरा सेकंदाला एक क्यूएसओ, म्हणजे संपर्क. या कॉन्टेस्टने केलेल्या जगाच्या वाटणीत भारत म्हणजे झोन २२, तिकडच्या लोकांना हवाच असतो. चाळीस मिनिटं मी राजा होतो. मग त्या गर्दीतून एक इटालियन आवाज पुन्हा पुन्हा तेच बोलतोय हे लक्षात आलं. तो कॉलसाईन (स्टेशनची ओळख) देत नव्हता, थांबा म्हणत होता. मी पहिल्यांदा चिडलो. म्हटलं, विचारून बसलोय. तो शांतपणे म्हणाला, तुम्ही विचारलंत तेव्हा एक बोट आपली पोझिशन सांगत होती, मी उत्तर दिलं असतं तर तिचेच आकडे बुडाले असते.

बोट अरबी समुद्रात होती. इंजिन बंद पडलेलं, वारा नाही, हवामानाचा अंदाज हवा होता. बुडत वगैरे नव्हती. पण ते मला माहीत नव्हतं, आणि मुद्दा तोच आहे.

आता यातली भूमिती नीट बघा, कारण नवीन माणसाला ती कुणी सांगत नाही. २० मीटरवर, म्हणजे १४ मेगाहर्ट्झच्या या बँडवर, आपला सिग्नल वर जाऊन आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परततो तो बऱ्याच लांब. मधल्या पट्ट्यात, साधारण काहीशे किलोमीटर, कधी हजाराच्या पुढेही, आपण पडतच नाही. यालाच स्किप झोन म्हणतात. वेळेप्रमाणे आणि सूर्याच्या मिजाशीप्रमाणे तो लहानमोठा होतो. कोकण किनाऱ्यापासून चारशे किलोमीटरवरची बोट सांगलीच्या स्किप झोनमध्ये. मला ती ऐकू येणार नाही, तिला मी ऐकू येणार नाही. पण इटलीतल्या नेट कंट्रोलला, म्हणजे नेट चालवणाऱ्या त्या माणसाला, आम्ही दोघंही ऐकू येतो, आणि त्यात मी दणदणीत. त्यामुळे 'मला कुणी ऐकू आलं नाही' याचा अर्थ फ्रिक्वेन्सी मोकळी आहे असा होत नाही. शिवाय माझ्याकडे गल्लीतल्या एलईडी दिव्यांचा आणि डीपीचा नॉइज मीटरवर एस-सात, म्हणजे चांगलाच मोठा. त्याखाली काय काय गाडलं जातं कोण जाणे.

बोटीचा सिग्नल दुबळा का असतो तेही सांगतो. बॅटरीवरचा सेट, आणि अँटेना म्हणजे बहुतेक वेळा शिडाची डोलकाठी मागून ताणून धरणारी तारच, इन्सुलेटर घालून वापरलेली. आपल्याकडे पाटाच्या पाण्यात टेलच्या शेतकऱ्याचं जे होतं ते यांचं बँडवर होतं. वरच्या लोकांनी चोरी केली नाही, फक्त आपापलं दार थोडं जास्त वेळ उघडं ठेवलं, तरी टेलला ओल पोचत नाही.

मग १४.३०० च का? इंटरकॉन, मेरिटाइम मोबाईल सर्व्हिस आणि पॅसिफिक सीफेअरर्स ही नेटं वर्षानुवर्षं पाळ्या लावून तिथेच बसतात, त्यामुळे समुद्रावरच्या हॅमला ती फ्रिक्वेन्सी पाठ असते. आंतरराष्ट्रीय हॅम संघटनेनेही, म्हणजे आयएआरयूने, १८.१६० आणि २१.३६० बरोबर १४.३०० ला आणीबाणीचं केंद्र म्हणून खूण केली आहे. युरोप-आफ्रिकेच्या बँड प्लॅनमध्ये (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर काय, याच्या आराखड्यात) एसएसबी म्हणजे आवाजी कॉन्टेस्टसाठी सुचवलेला भाग १४.१२५ ते १४.३०० असा आहे. आयएआरयूच्या वाटणीत आपण प्रदेश ३ मध्ये, तो प्लॅन आपला नाही. पण संध्याकाळी तुम्हाला पॉइंट देणारे तेच लोक आहेत, त्यांची रीत माहीत असलेली बरी.

किंमत काय मोजावी लागते? एसएसबीचा एक सिग्नल ढोबळ तीन किलोहर्ट्झ जागा खातो. १४.१५० ते १४.३५० मध्ये साठ-पासष्ट जागा झाल्या. १४.३०० वर यूएसबी (एसएसबीचा वरचा पट्टा) म्हणजे ते वर १४.३०३ पर्यंत पसरलेले. तुम्ही १४.२९५ च्या वर आणि १४.३०६ च्या खाली बसला नाहीत तर गेल्या तीन-चार जागा. त्यावर ज्याचा कॉन्टेस्ट हरतो त्याने आधी अँटेना बघावा. आणि हो, शेजारी बसून माईक गेन पिळलात, एएलसीचा (आवाज जास्त झाल्याचं दाखवणारा) काटा कोपऱ्यात गेला, तर डायल ५ किलोहर्ट्झ लांब असूनही स्प्लॅटर, म्हणजे फाटून बाजूला पसरलेला सिग्नल, त्यांच्या अंगावरच पडतो.

आता दुसरी बाजू, कारण नेटवालेही काही संत नाहीत. आणीबाणीला प्राधान्य आहे, रोजच्या हजेरीला नाही. जमिनीवर घरात बसलेले पंधरा जण ओळीने चेक-इन करून गुडघेदुखी आणि पाऊसपाणी सांगत असतील, आणि त्यासाठी वरखाली दहा किलोहर्ट्झ रिकामं मागत असतील, तर ती दादागिरी आहे. अशा वेळी नेट कंट्रोलने 'बोटी आहेत का' एवढं विचारून बाकीची हजेरी वर्षातले ते चार-पाच शनिवार-रविवार बंद ठेवावी. गप्पाच मारायच्या असतील तर १७ मीटर (१८ मेगाहर्ट्झ) आहे. १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झवर कॉन्टेस्ट होतच नाहीत. तुम्हाला झापणाऱ्याकडे खरंच बोट होती की नुसता हट्ट होता, हे मला इथून कळणार नाही. तुम्हालाही तेव्हा कळलं नसतं.

एक गोष्ट मी कॉन्टेस्टमध्ये नाही, महापुरात शिकलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, गल्लीत वीज नाही, मोबाईलला रेंज येऊन-जाऊन. गच्चीवरून पाच वॅटच्या हँडसेटवर मला एक निरोप पुढे द्यायचा होता, डायलिसिसच्या पेशंटचा. फ्रिक्वेन्सीवर दोघं पुराच्या चर्चेत रंगलेले. भली माणसं, मला जागा मिळताच क्षणात गप्प झाली, वर निरोप पोचवायलाही लागली. पण ती जागा मिळायला चार मिनिटं गेली, कारण एकाने बटण सोडलं की दुसरा लगेच दाबायचा. मधे फटच नाही. कॉन्टेस्टमध्ये व्हॉइस कीअर (आपली हाक आपोआप पाठवणारं यंत्र) लूपवर टाकला की आपण नेमकं हेच करतो.

म्हणून माझी एक सवय सांगतो. पूर्वी जहाजांच्या रेडिओत २१८२ किलोहर्ट्झवर दर तासाच्या ठोक्याला आणि अर्ध्या तासाला तीन तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून ऐकायचं असा नियम होता. ५०० किलोहर्ट्झच्या मोर्ससाठी सव्वा आणि पाऊण तासाची तीन मिनिटं. रेडिओ रूमच्या घड्याळावर तेवढे भाग लाल-हिरवे रंगवलेले असत. १ फेब्रुवारी १९९९ ला जीएमडीएसएस (जहाजांची नवी स्वयंचलित आणीबाणी-रेडिओ व्यवस्था) पूर्ण लागू झालं आणि ती घड्याळं शोभेची झाली. मी कॉन्टेस्टमध्ये तासाला एकदा दुसऱ्या व्हीएफओवर (सेटच्या दुसऱ्या ट्यूनिंगवर) १४.३०० लावून तीन मिनिटं ऐकतो. तेवढ्यात पाणीही पिऊन होतं. अठ्ठेचाळीस तासांच्या स्पर्धेत तुम्ही एकटेच असाल तर एवीतेवी झोपायचं असतंच.

आणि कधी खरंच 'मेडे' (संकटाची हाक) ऐकू आलंच, तर बोलू नका, लिहा. वेळ, फ्रिक्वेन्सी, बोटीचं नाव, अक्षांश-रेखांश, काय झालंय, माणसं किती. दुसरं कुणी घेत असेल तर तोंड उघडू नका, फक्त लिहीत राहा, कारण त्याला न कळलेला आकडा तुम्हाला कळलेला असू शकतो. कुणीच घेत नसेल तर तुम्ही घ्या. संकटातल्या जहाजाने लक्ष वेधण्यासाठी हाताशी असेल ते साधन वापरावं, ही मुभा आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांतच आहे, त्यामुळे समोरचा हॅम आहे का, लायसन्स आहे का, हे विचारत बसू नका. मग फोन उचला आणि १५५४ लावा, हा तटरक्षक दलाचा नंबर. कराडहून समुद्र दिसत नसला तरी फोन लागतो.

पुढच्या ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी मी पुन्हा गच्चीवर असेन. शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होतं, लॉगमध्ये वेळ मात्र यूटीसी (आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे) घाला, पहिल्या वर्षी सगळे तिथेच फसतात. २० मीटरवर मला शोधू नका. कराड-सांगली सत्तरेक किलोमीटर, तुम्ही माझ्या स्किप झोनमध्ये. दिवसा ४० मीटरवर या, तिथे भेटू.