माहेरच्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं, सासरच्यात ७३. मी कोणतं खरं मानू?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही नगरच्या, घर सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रोटेस्टंट मंडळीतलं, आणि लग्न वसईच्या कॅथलिक घरात ठरलंय. होणाऱ्या सासूबाईंनी वाचायला दिलेल्या बायबलमध्ये 'तोबित' नावाचं पुस्तक निघालं आणि तुमच्या पोटात गोळा आला. मीही नगरचीच. एकोणीस वर्षांपूर्वी अशीच लग्न होऊन वसईला आले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पुस्तकांचं सांगते. नवा करार दोन्हीकडे तोच, २७ पुस्तकांचा. फरक आहे तो जुन्या करारात. तोबित, ज्युडिथ, मक्काबींची दोन पुस्तकं, ज्ञानग्रंथ, सिराख आणि बारूख ही सात पुस्तकं कॅथलिक बायबलमध्ये जास्त आहेत, शिवाय एस्तेर आणि दानिएल यांत काही भाग जास्त आहे. येशूच्या जन्माआधीच यहुदी लोकांनी शास्त्राचं ग्रीक भाषांतर केलं होतं. पहिल्या मंडळ्यांमध्ये बहुतेक तेच वाचलं जाई आणि त्या ग्रीक संग्रहात ही पुस्तकं होती. यहुद्यांच्या हिब्रू शास्त्रात ती नाहीत. लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने हा फरक तेव्हाच बोलून दाखवला होता.

पुढे प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या ल्यूथरने हिब्रू यादी धरली. पण लोक समजतात तसं त्याने ती पुस्तकं फाडून फेकली नाहीत. १५३४ च्या त्याच्या जर्मन बायबलमध्ये ती दोन करारांच्या मध्ये वेगळी छापली आहेत. शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, पण वाचायला चांगली आणि उपयोगी, असं त्याने वर लिहिलं. (त्याच वर्षी वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली. तुमच्या सासरची आणि माहेरची वाट तिथेच वेगळी झाली, असं मला नेहमी वाटतं.) कॅथलिक चर्चने १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत ही पुस्तकं शास्त्रच आहेत असं ठरवून टाकलं. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही ती वेगळ्या विभागात होती. मग आपल्या घरातल्या मराठी बायबलमध्ये ती का दिसत नाहीत? कारण ते बायबल छापून वाटणाऱ्या बायबल सोसायट्यांच्या परंपरेतून आलं, आणि लंडनच्या मूळ सोसायटीने मोठ्या वादानंतर १८२६ मध्ये ठरवलं की ही पुस्तकं छापायला पैसे द्यायचे नाहीत. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं ते १८३१ मध्ये. म्हणजे आपल्या आजी-पणजीच्या हातात जे बायबल आलं ते ६६ चंच.

मी स्वतः आजही ६६ च शास्त्र मानते. दुसऱ्या मक्काबींमध्ये मेलेल्यांसाठी प्रार्थना केल्याचा उल्लेख आहे. त्यावर मी माझा विश्वास ठरवत नाही. पण २ नोव्हेंबरला सासूबाई सासऱ्यांच्या कबरीवर मेणबत्ती लावतात तेव्हा मी शेजारी उभी असते आणि त्या माणसाबद्दल देवाचे आभार मानते. त्यांनी मला कधी विचारलं नाही की तू मनात काय म्हणतेस.

तोबित मात्र लग्नाआधी वाचाच. छोटं आहे, एका बैठकीत होतं. त्याच्या दहाव्या अध्यायात सारेची पाठवणी आहे. बाप मुलीला सांगतो की सासू-सासऱ्यांचा मान ठेव, आता तेही तुझे आईबाप. आणि आई जावयाला सांगते की माझी लेक तुझ्या स्वाधीन करते आहे, तिला दुःख देऊ नकोस. वसईत आल्यावर पहिल्या महिन्यात, दुपारी सगळे झोपलेले असताना, मी हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून वाचलं. नगरच्या स्टँडवर आईने माझ्या नवऱ्याला जवळपास याच शब्दांत सांगितलं होतं. शास्त्र असो की नसो, त्या दिवसापासून ते पुस्तक मला परकं राहिलं नाही.

आता तुम्ही न विचारलेलं, पण पहिल्याच रविवारी समोर येईल असं एक. मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेत, प्रभूची प्रार्थना सुरू झाली की तुम्हाला हायसं वाटेल, कारण ती ओळखीची आहे. मी डोळे मिटून म्हणत होते. 'वाइटापासून सोडव' झालं आणि मी सवयीने पुढे गेले, 'कारण की राज्य, सामर्थ्य...' आणि अख्ख्या चर्चमध्ये माझा एकटीचा आवाज. पुढच्या बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या. तिथे फादर मध्ये एक छोटी प्रार्थना म्हणतात आणि मग तेच शब्द सगळे मिळून म्हणतात. मत्तयच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ही ओळ नाही, पण मंडळ्या ती फार पूर्वीपासून म्हणत आल्या आहेत. सासूबाईंनी माझा हात धरला आणि ती ओळ आली तेव्हा हलकेच दाबला. अजूनही कधी कधी दाबतात.

दहा आज्ञांचंही तसंच. माझी मुलगी कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाचा, अभ्यास करत होती. सहावी आज्ञा कोणती, मी म्हटलं खून करू नको. ती म्हणाली, मम्मी, ती पाचवी! आज्ञा त्याच आहेत, मोजणी वेगळी. कॅथलिक मोजणीत मूर्ती करू नको हे पहिल्या आज्ञेतच येतं आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेच्या दोन होतात. निर्गमच्या विसाव्या अध्यायात आकडे घातलेलेच नाहीत, उघडून बघा.

खरं जड जातं ते कम्युनियन, म्हणजे आपलं प्रभुभोजन. कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे आपल्याला ते सहसा घेता येत नाही. तुमचा बाप्तिस्मा ते मान्य करतात, पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला असेल तर पुन्हा करत नाहीत. तरी रांगेत तुम्ही नसता. मुलीचं फर्स्ट कम्युनियन होतं, पांढरा फ्रॉक, डोक्यावर फुलांचा मुकुट, हातात मेणबत्ती. ती पुढे गेली, तिचे वडील गेले, आजी गेली. मी बाकावर बसून राहिले आणि रडले. हे लपवण्यात अर्थ नाही. नगरला गेलो की उलट होतं. आमचे पाळक माझ्या नवऱ्याला प्रभुभोजनाला प्रेमाने बोलावतात, पण आपल्या चर्चची शिस्त म्हणून तो जागेवरच बसतो. मी त्याचा राग करत नाही. तो माझ्यासाठी तिथे दोन तास बसतो, एवढं मला दिसतं. पण हे दुःख येणार आहे हे तुम्हाला आधीच ठाऊक असावं, आणि नवऱ्याला ते दिसायला हवं.

मुलांचा प्रश्न याहून आधी सोडवा. अशा लग्नाला बिशपांची परवानगी लागते आणि ती घेताना कॅथलिक जोडीदाराला वचन द्यावं लागतं की मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावं म्हणून मी माझ्याकडून होईल ते सगळं करीन. १९७० पासून तुम्हाला स्वतःला वचन द्यावं लागत नाही, पण त्याने काय वचन दिलंय हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे, असा नियम आहे. मला ते फादरांच्या ऑफिसात, फॉर्मवर सह्या चालू असताना कळलं. पत्रिका छापून झाल्या होत्या. होणारा नवरा चांगला होता म्हणून निभावलं, पण त्या रात्री मी घरी फोनसुद्धा केला नाही. तुमच्यावर ही वेळ येऊ देऊ नका. या आठवड्यातच त्याच्याशी बोला, दोघांच्या आईवडिलांना घेऊन बोला. मुलं मिस्साला जातील, मग सुट्टीत नगरला संडे स्कूलला जातील का? रात्री त्यांना बायबल कोण वाचून दाखवणार? आमच्याकडे मी दाखवते, 'उपासना संगीत'मधली गाणीही शिकवते, आणि रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आजी म्हणून घेते. हे सगळं आम्ही नंतर, भांडून ठरवलं.

लग्न वसईच्या चर्चमध्ये असलं तरी तुमच्या पाळकांना शास्त्रपाठ वाचायला आणि प्रार्थना करायला बोलावता येतं. फादरांना लवकर विचारा. आमच्या लग्नात नगरच्या पाळकांनी करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचला आणि माझ्या वडिलांना धीर आला. बाप्तिस्म्याचा दाखला मंडळीच्या ऑफिसातून आत्ताच काढून ठेवा, त्यावरचं नाव आधार कार्डाशी जुळतंय का तेही बघा. परवानगीला वेळ लागतो. ते पत्र हातात येईपर्यंत हॉलचा अ‍ॅडव्हान्स भरू नका.